गाभण म्हशीचे दूध चालते, मग पोटुशी आईचे का नाही?



कापसाच्या भावावर, खतावर, वीजबिलावर लिहिणारे या पानांवर पुष्कळ आहेत. आम्ही आज वेगळ्याच गोष्टीवर लिहिणार आहोत. ती वाचून दाखवली जाईल तेव्हा पुढच्या रांगेतली मंडळी खाली बघतील, हे आम्हाला ठाऊक आहे. बघू द्या. मागे दाराशी पदर सावरून बसलेल्या बायांना विषय बरोबर कळेल.

विषय असा. अंगावर पिणारे लेकरू आठ-दहा महिन्यांचे आहे आणि त्याच्या आईला पुन्हा दिवस गेले आहेत. किंवा अजून गेलेले नाहीत, पण जावेत म्हणून घर घाईला आले आहे. मग त्या लेकराच्या दुधाचे काय करायचे?

आमच्या भोर-वेल्ह्याच्या डोंगरात याचे उत्तर ठरलेले आहे, तुमच्या काळ्या रानातही फार वेगळे नसावे. ताबडतोब तोडायचे! पोटुशीचे दूध नासते, ते पिणाऱ्याला बाधते, आणि वरचे पोर पोटातल्याचा वाटा खाते, असे म्हातारी माणसे सांगतात. मग कडूनिंबाचा पाला वाटून छातीला लावतात, नाहीतर काळा बोळ लावतात. लेकरू तोंड लावते, कडू लागते, रडते. दोन रात्री रडते, तिसऱ्या रात्री गप्प होते. घर म्हणते, "सुटलं बाई एकदाचं."

गेल्या पावसाळ्यात भाताची आवणी उरकल्यावर गुंजवणीच्या खोऱ्यातल्या एका वाडीत बायांची बैठक होती. (वेल्हे तालुक्याला आता राजगड तालुका म्हणतात, आमच्या तोंडी अजून वेल्हेच आहे.) बैठक रेशनच्या तांदळावर होती. उठताना एक पोरसवदा बाई मागे रेंगाळली. कडेवर अकरा महिन्यांची मुलगी. म्हणाली, "ताई, सासूबाई म्हणत्यात पहिली पोरगीच झाली, आता पाळणा लगेच हलला पाहिजे. अंगावरचं तोडल्याबिगर दिवस राहत नाहीत म्हणं. ही तर रातभर सोडत नाही. मी काय करू?" आमच्यातल्या दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिले. आम्हाला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. खरे सांगायचे तर आमच्यातल्या एकीने स्वतःच्या पोराला असाच कडूनिंब लावला होता. ती त्या दिवशी काहीच बोलली नाही.

ज्या वाडीत ही बैठक झाली, तिथून राजगड समोर दिसतो. शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाई १६५९ साली त्याच गडावर वारल्या. त्यांची समाधी गडावर आजही दाखवतात. आधी तीन मुली आणि मग १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर शंभूराजे. बाळंतपणानंतर आईची तब्येत खालावली, दूध पुरेना, तेव्हा भोर तालुक्यातल्या कापूरहोळच्या गाडे पाटलांच्या घरातली धाराऊ दूधआई म्हणून आली. तिचे मुलगे अंतोजी आणि रायाजी हे राजांचे दूधभाऊ. पुणे-सातारा रस्त्याने जाणाऱ्याला कापूरहोळ लागतेच. तिथे भोरकडे वळताना आम्ही दर वेळी धाराऊची आठवण काढतो. एका अंगावर घरचे आणि परके अशी दोन लेकरे वाढवणारी ती शेतकरीण होती. तिला कोणी म्हटले नाही की दूध वाटले तर नासेल. आणि सईबाईंच्या आठवणीने आम्हाला दरवेळी वाटते, की राजाच्या घरातसुद्धा लागोपाठची बाळंतपणे आणि ढासळलेली तब्येत यांच्यापुढे काही चालले नाही. मग कोरडवाहू रानात रोज सोळा तास राबणाऱ्या बाईचे काय घेऊन बसलात?

आता म्हशीकडे येतो. तुलना टोचेल, पण शेतकऱ्याला गोठ्यातून जे पटते ते भाषणातून पटत नाही.

म्हैस किंवा गाय व्यायल्यावर दोन-तीन महिन्यांत आपण तिला पुन्हा भरवतो. गाभण राहिली की दूध काढायचे थांबवतो का? नाही. पुढे कित्येक महिने तिच्या पोटात वासरू वाढत असते आणि आपण सकाळ-संध्याकाळ चरवी भरत असतो. हेच दूध डेअरीला जाते, हेच चहात पडते, हेच आपण बाळाला 'वरचे दूध' म्हणून वाटीने पाजतो. म्हणजे पोटुशी आईचे दूध विष म्हणून तोडायचे आणि त्याच्या जागी गाभण म्हशीचे दूध औषध म्हणून द्यायचे! हा हिशेब कोणी केला?

गोठ्यातली दुसरी गोष्ट मात्र आपण सोयीने विसरतो. गाभण दुभत्या जनावराला सरकीची पेंड जास्त लागते, हे कापूसवाल्याला सांगायला नको. व्यायच्या आधी दोन महिने तिला हळूहळू आटवतो, कास मोकळी राहू देतो, ओझ्याला जुंपत नाही. घरातल्या बाईला यातले काय मिळते? पेंड नाही, विसावा नाही. तिचे फक्त दूध तोडतात, काम तेवढेच राहते.

खरी गोष्ट काय आहे ती आम्ही नंतर डॉक्टर आणि नर्सताईंकडून समजून घेतली. पोटुशीचे दूध नासत नाही. दिवस गेल्यावर शरीरात जे बदल होतात त्यांनी चौथ्या-पाचव्या महिन्याच्या सुमारास बहुतेक बायांचे दूध कमी होते, चव थोडी खारट होते. काही लेकरे त्या चवीने आपणहून सोडतात, काही सोडत नाहीत. पुढे दुधाचा चीक होतो, जसा गाईचा होतो. मोठे लेकरू तो प्यायले म्हणून नव्या बाळाचा चीक संपत नाही. तो बनत राहतो. बाळ जन्मले की आधी नव्याला पाजायचे आणि मग थोरल्याला, एवढीच काळजी.

पोटातल्याचे काय? लेकरू ओढते तेव्हा दूध उतरवणारा जो रस शरीरात सुटतो, तोच बाळंतपणाच्या कळाही आणतो. म्हणून भीती पडली, आणि ती अगदीच खुळी नाही. पण शेवटचे दिवस येईपर्यंत गर्भाची पिशवी त्या रसाला फारशी दाद देत नाही. निरोगी, पोटभर जेवणाऱ्या बाईला केवळ पाजण्यामुळे गर्भ पडला किंवा बाळ अपुऱ्या दिवसांचे झाले, असे बहुतेक अभ्यासांत आढळलेले नाही. लेकरू निव्वळ अंगावरच्या दुधावर असताना दिवस राहिले तर गर्भपाताचा धोका जास्त दिसला, असे २०१९ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात निघाले. तेवढे लक्षात ठेवावे. आणि जिला आधी अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण झाले आहे, जिच्या पोटात जुळे आहे, जिला अंगावर लाल जाते किंवा पाजताना ओटीपोटात कळा येऊन थांबत नाहीत, तिने पाजणे थांबवून लगेच दवाखाना गाठावा. ते डॉक्टरने ठरवायचे, शेजारणीने नव्हे.

मग यात नुकसान कोणाचेच नाही का? आहे, आणि ते आईचे आहे. ग्वाटेमाला देशातल्या खेड्यांत याचा अभ्यास झाला, तो १९९० साली छापून आला. तिथल्या जवळपास निम्म्या गरोदरपणांत आधीचे लेकरू अंगावर पीत होते. पोटातल्या बाळाची वाढ फारशी अडली नाही. आईच्या अंगावरची चरबी तेवढी झडली. शरीर आधी लेकरांना देते आणि मग उरलेच तर आईला. पेरू देशात २००२ साली असे दिसले, की गरोदरपणात शेवटपर्यंत पाजत राहिलेल्या आयांची नवी बाळे पहिल्या महिन्यात दूध कमी पितात आणि त्यांचे वजन थोडे कमी भरते. म्हणून आम्ही 'बिनघोर पाजा' असे आंधळेपणाने म्हणत नाही. आम्ही म्हणतो, आधी आईच्या ताटाकडे बघा.

ताटाचा हिशेब करू. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या आकड्यांप्रमाणे गरोदर बाईला रोजच्यापेक्षा ३५० उष्मांक जास्त लागतात. पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने ६०० आणि पुढचे सहा महिने ५२० जास्त लागतात. दहा महिन्यांचे लेकरू पीत आहे आणि दिवसही गेले आहेत, तर दोन्ही मिळून ८७० होतात. दूध कमी झाले असेल तर त्यातले थोडे वजा करा. तरीही ते जवळपास पाव किलो ज्वारी होते. म्हणजे तीन-चार भाकरी, आणि त्या रोजच्या जेवणावर वरच्या.

ज्वारी पिकवणाऱ्याच्या घरात तीन-चार भाकरी नाहीत, असे कोणी आम्हाला सांगू नये. कणगीत आहेत. ताटात नाहीत. कारण बाई शेवटी जेवते, आणि शेवटी टोपल्यात उरते ते तिचे. आमच्या पुणे जिल्ह्यातच के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर बायांचा अभ्यास केला. त्या शेतकरणींचे सरासरी वजन गरोदरपणाआधी ४२ किलोच्या आसपास भरले. पोत्यापेक्षाही हलकी बाई! ज्या बायांच्या खाण्यात पालेभाज्या, फळे, दूध जास्त वेळा होते त्यांची बाळे वजनदार निघाली, आणि ज्यांच्या मागे कष्ट जास्त होते त्यांची बाळे हलकी. पालेभाजी म्हणजे काही बाजारातली महागडी भाजी नव्हे. तांदुळजा, घोळ, पाथरी, तुमच्याकडचा तरोटा. हल्ली तणनाशकाने बांधावरचे हेही जळून जाते, त्यावर पुन्हा कधीतरी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांपैकी ५४ बायांच्या अंगात रक्त कमी निघाले. ज्या अंगात रक्तच नाही त्या अंगातून आपण दोन लेकरे वाढवायला निघालो आहोत.

सरकारच्या कागदावर ही दोन लेकरांची बाई दिसतच नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गरोदर बाई आणि बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंतची पाजणारी आई, दोघींना अंगणवाडीतून मोफत आहार लिहिला. परिशिष्टात दोघींसाठी एकच आकडा घातला गेला, ६०० उष्मांक. गरोदर असो वा पाजणारी, ६००. आणि दोन्ही असली तर? तिच्यासाठी रकानाच नाही. सहा महिने उलटले की कायद्याच्या लेखी ती पाजत नसते, मग लेकरू दोन वर्षे का पीत राहीना. दोन वर्षे आणि पुढेही पाजा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अंगणवाडीच्या भिंतीवरचे चित्रही तेच सांगते. पाजायला सांगणारे भिंतीवर, आणि खायला देणारे रजिस्टरात नाहीत.

आता त्या अकरा महिन्यांच्या मुलीकडे येतो, कारण खरे दुखणे तिथे आहे.

अंगावरचे तोडल्याशिवाय दिवस राहत नाहीत, हे अर्धे खरे आहे. लेकरू ओढते तेव्हा आईच्या शरीरात असा बदल होतो की बीज तयार होणे लांबते. यावर १९८८ साली इटलीत जगभरचे जाणकार बसले आणि त्यांनी तीन अटी सांगितल्या. बाळ सहा महिन्यांच्या आत हवे, ते रात्रंदिवस अंगावरच हवे, आणि आईची पाळी परतलेली नसावी. तिन्ही असल्या तर शंभरातल्या ९८ जणींना दिवस जात नाहीत. एकही अट तुटली की भरवसा संपला. लेकरू खाऊ लागले, रात्रीचे पिणे कमी झाले की पाळी येते. पाळीच्या आधी बीज तयार होते, म्हणून पाळी दिसायच्या आतसुद्धा दिवस राहू शकतात. तेव्हा 'पाजते आहे म्हणजे निर्धास्त' हे जितके खोटे, तितकेच 'पाजते आहे म्हणजे राहणारच नाहीत' हेही खोटे. जिला मूल हवेच आहे तिने लेकराचे पिणे हळूहळू कमी केले तरी पुष्कळदा भागते. एका रात्रीत कडूनिंब लावायची गरज पडत नाही.

पण घाई कशाची? घाई मुलाची असते. आपल्याच देशाच्या आरोग्य पाहण्यांचे आकडे तपासून दोन अर्थशास्त्रज्ञ बायांनी, सीमा जयचंद्रन आणि इल्याना कुझिएम्को यांनी, २०११ साली दाखवून दिले, की भारतात मुलींना मुलांपेक्षा कमी काळ अंगावर पाजले जाते. मुलगी नकोशी म्हणून आई मुद्दाम तोडते असे नाही. मुलगी झाली की घर पुढच्या खेपेच्या मागे लागते, आणि पुढच्या खेपेसाठी पहिलीचे दूध जाते. मुलगा झाला की घाई संपते, तो निवांत दोन-अडीच वर्षे पितो. जिथे विहिरीचे पाणी धड नसते, तिथे ज्या मुलीचे दूध लवकर तुटते तिला हगवण लवकर गाठते. म्हणजे पोटातली मुलगी पाडायला सोनोग्राफी लागते, कायदा आडवा येतो. पाळण्यातल्या मुलीचे दूध तोडायला चिमूटभर काळा बोळ पुरतो आणि कोणताही कायदा आडवा येत नाही.

या लेकरांच्या आजाराला जगात नावसुद्धा आहे. आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घाना देशात, सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टरीणबाईंनी १९३३ साली सुजलेल्या, केस पिंगट झालेल्या, किरकिऱ्या लेकरांचे वर्णन लिहिले. तिथल्या बाया त्या आजाराला 'क्वाशिओरकोर' म्हणत. अर्थ असा, की पाठचे आले म्हणून थोरल्याला होतो तो आजार. दूध गेले आणि त्याच्या जागी नुसती पेज आली. ज्या बायांना अक्षर येत नव्हते त्यांनी कारण ओळखून नाव ठेवले होते. डॉक्टर मागाहून आले.

म्हणून आम्हाला जे कळले ते तुमच्यापुढे ठेवतो. दिवस गेले आणि लेकरू वर्षाच्या आतले आहे, तर दूध तोडू नका. पण त्याच्यावरच विसंबूही नका. सहा महिन्यांवरच्या लेकराला दिवसातून तीन-चार वेळा मऊ भाकरी वरणात कुस्करून, तेल किंवा तूप घालून, अंडे खात असाल तर अंडे, असे भरवायला लागा. लेकरू सहा महिन्यांच्या आतले असेल तर महिन्याला अंगणवाडीच्या काट्यावर वजन बघा. वजन थांबले तर दवाखान्यात विचारून वाटी-चमच्याने वरचे दूध द्या, बाटलीने नको. तोडायचेच असेल तर महिनाभर घ्या, एकेक वेळ कमी करा, रात्रीची वेळ शेवटी. आणि त्या दिवसांत लेकराला बापाने जवळ घेऊन झोपावे. बापांच्या हाताला काटे नसतात.

दिवस नको असतील तर बाळंतपणानंतर दोन दिवसांत किंवा सहा आठवड्यांनी तांबी बसवता येते. सहा आठवड्यांनंतर तीन महिन्यांचे 'अंतरा' इंजेक्शन घेता येते. 'छाया' गोळी पाजणाऱ्या आईलाही चालते. माला-एन सारखी गोळी मात्र बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत टाळावी, तिने दूध आटते. हे सारे सरकारी दवाखान्यात फुकट आहे. बाळ दोन वर्षांचे होईपर्यंत पुढचे दिवस राहू देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००५ सालापासून सांगितले आहे. दोन पिकांमध्ये रान मोकळे ठेवणाऱ्याला यात नवीन काय आहे?

कापूस वेचणीचे एक राहिले. तुमच्याकडे वेचणी किलोवर असते. लेकराला पाजायला बाई बांधावर बसली की तेवढा कापूस कमी भरतो, तेवढी मजुरी जाते. म्हणून ती पाजायला बसत नाही, म्हणून दूध आटते. आणि लोक म्हणतात, पोटुशी होती म्हणून आटले! ज्यांच्या रानात वेचणी असेल त्या भावांनी एवढे करावे. झोळी सावलीला, पाण्याजवळ आणि फवारलेल्या तासांपासून लांब बांधू द्यावी, आणि लेकुरवाळीचा पाजण्याचा वेळ मजुरीतून तोडू नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने माणसे मेली, ते आपण विसरलेलो नाही. त्या रानात पोटुशी बाईला लावू नये.

गुंजवणी खोऱ्यातली ती बाई आम्हाला दिवाळीच्या सुमारास पुन्हा भेटली. सासूबाई बरोबर होत्या. आम्ही म्हशीचा हिशेब सांगितला. त्या हसल्या नाहीत, पण जरा वेळाने म्हणाल्या, "आमच्या वक्ताला कोण सांगनार व्हतं? माझी थोरली अशीच गेली, पाठचा पोटात असताना." मग उठून नातीला कडेवर घेऊन ओट्यावर गेल्या. सून आत येऊन जेवायला बसली. दुपारचे बारा वाजले होते, आणि घरात सगळ्यांत आधी ती जेवत होती.

जिल्ह्याच्या पुढच्या बैठकीला बायांनी तान्ही लेकरे घेऊन यावे. मंडपाच्या मागे आडोसा करून झोळ्या बांधायला जागा ठेवली आहे. अंगणवाडीचे वजनाचे कार्ड असेल तर बरोबर आणावे.